रेघेला इस्त्री

गोष्टबाई आधी गोष्ट सांगायची आणि मगच टॅब वाटायची. टॅब आधी हातात पडला की पोरांचे कान बंद होतात, हे तिला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. म्हणून टॅब कपाटात, कपाटाची किल्ली तिच्या गळ्यात आणि पोरं सतरंजीवर मांडी घालून. गोष्टी ती स्वतःच रचायची आणि ऐन रंगात आल्या की सोडून द्यायची. समुद्र कुठे ठेवला तेच विसरलेलं एक जहाज भर बाजारात येऊन उभं राहतं, भाजीवाली त्याला म्हणते, बाजूला हो रे बाबा, गिऱ्हाइकाला वाट दे, आणि बास. पुढे काय झालं ते ज्याने त्याने टॅबवर काढायचं. ज्याचं चित्र बाईंना पटेल त्याच्या चित्रावरून पुढच्या वेळी गोष्ट पुढे सरकायची. सहा-सात वर्षांची पोरं या एवढ्याशा मानासाठी जिभा बाहेर काढून चित्रं काढायची.

चित्रकलेचा हा क्लास सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होता. खालून हवा भरायच्या पंपाचा फुसफुसाट यायचा, वर दोन खोल्या. आतल्या खोलीत पोरं, बाहेरच्या खोलीत पालकांसाठी बाक आणि समोरच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही. त्या टीव्हीवर मुलांनी काढलेली चित्रं एकामागून एक फिरत राहायची. ही क्लासच्या मालकाची कल्पना. मालकाला सगळे सर म्हणायचे. त्यांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण टेबलामागे खुर्ची टाकून बसलं की माणूस सर होतो.

घोटाळा टीव्हीमुळेच सुरू झाला. कागदावरचं लहान पोराचं चित्र आई घडी करून पर्समध्ये टाकते आणि विसरते. टीव्हीवरचं चित्र चारचौघांत दिसतं. शेजारच्या बाकावरची बाई ते बघते, हे आपल्याही लक्षात येतं. मग पोरीच्या घोड्याचा पाय वाकडा गेलेला सलायला लागतो. सर, इतकं चांगलं यंत्र हातात देऊन पोरगं हेच काढणार असेल तर घरचा खडू काय वाईट होता, असं एक वडील बोलले आणि सरांची झोप उडाली.

टॅबवर एक सोय असते. हात थरथरला, रेघ इकडेतिकडे गेली, तरी पडद्यावर ती गुळगुळीत उमटते. मोठे चित्रकार लांब वळणं काढताना ही सोय वापरतात. एक पट्टी असते, बोटाने उजवीकडे सरकवली की रेघ अधिकाधिक सरळ होते. सरांनी ती शोधून काढली आणि सगळ्या टॅबवर थोडी थोडी सरकवून ठेवायला सांगितली. शिकवणाऱ्या बायकांनी तिला इस्त्री असं नाव दिलं. आज इस्त्री किती ठेवलीय गं, असं एकमेकींना विचारून त्या हसायच्या.

गोष्टबाईने एक दिवस कुरकुर केली. पोरांची रेघ पोरांसारखीच हवी, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तिच्याच वर्गातली चित्रं फिरायला लागली, पालक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले, दोन आया येऊन बाई तुमच्या हाताला गुण आहे म्हणून गेल्या आणि तिची कुरकुर तिथेच मिटली. तिला ते आवडलं. हे लपवण्यात अर्थ नाही. चाळिशीपर्यंत छापखान्यात दुसऱ्यांची पाकिटं आणि कॅलेंडरं मांडून देणाऱ्या बाईला हाताला गुण आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

तिच्या वर्गात एक मुलगी होती. घरीदारी तिला भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरायची नाही. बोलायला लागली की वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. तिची जहाजं नेहमी रस्त्यावरूनच चालायची आणि त्यांना पाय असायचे, कारण तिच्या मते पाण्यावर चालायला काय, कुणीही चालेल. गोष्टबाईचा तिच्यावर जीव होता. तिच्या चित्रांवरून गोष्ट सगळ्यात जास्त वेळा पुढे सरकली होती.

भिंगरीची रेघ मात्र इस्त्री लावूनही सरळ येईना. इतरांना पट्टी थोडी सरकवून पुरायची, हिची निम्म्यावर न्यावी लागली. पोरगी घाई करते, दुसरं काय, असं बाईला वाटलं. एकदा भिंगरी टॅब घेऊन तिच्याकडे आली.

"बाई, ही रेघ मी नाही काढली."

"मग कुणी काढली? तुझ्या आजोबांनी?"

पोरं खिदळली. भिंगरी नाही हसली. ती म्हणाली, "माझी दुसरीकडे जात होती."

दुसरीकडे जात होती म्हणूनच तर टॅबने सावरून घेतली, वेडाबाई, असं बाईने तिला सांगितलं आणि जागेवर पाठवलं. नंतर पट्टी आणखी सरकवली. पुढच्या महिन्यात आणखी. शेवटी भिंगरीच्या टॅबवर पट्टी पार टोकाला जाऊन बसली. तिथे गेली की रेघ हाताच्या मागून येते, दोरीने बांधलेल्या शेळीसारखी ओढत ओढत. भिंगरीला हात हळू चालवावा लागायचा. ती मान एका बाजूला कलती करून रेघेची वाट बघत बसायची. बडबड कमी झाली होती. पाण्याची बाटली तिच्या हातून लवंडायची, चपला घालताना ती भिंतीला धरायची, जिन्यात एकदा घसरली. सगळे म्हणाले, भिंगरीच ती, पडणारच. टोपणनावं ठेवण्यात आपला कुणी हात धरणार नाही, आणि एकदा नाव ठेवलं की माणसाकडे बघायचं कारणच उरत नाही.

चित्रं मात्र टीव्हीवर झळकत होती. पाय असलेलं जहाज, त्याच्या शिडाचं सुरेख वळण, खाली बाजार. कुणीही थबकून बघावं.

भिंगरीची आई तयार कपड्यांच्या एका दुकानाच्या तळघरात बसायची. गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या पँटी, कुर्ते आखूड करून द्यायचे, कंबर आत घ्यायची, असं तिचं काम. दिवसभर ट्यूबलाइटखाली टीप मारून डोळे चुरचुरायचे. नवरा लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदा घरी. एका संध्याकाळी ती कामावरून तशीच क्लासला आली. ओढणीला दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. गोष्टबाईला बाजूला घेऊन तिने विचारलं की भिंगरीचा हात तुम्हाला कसा वाटतो. शाळेतून तक्रार आली होती. अक्षर बिघडलं, ओळ सोडून लिहिते, शब्द अर्धे टाकते. घरी विचारलं तर हात ऐकत नाही म्हणते.

गोष्टबाईने काय केलं, तर भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. नेमकं तेव्हा जहाज आलं होतं.

"हा हात बिघडलेला वाटतो का तुम्हाला? उत्तम हात आहे तिचा. लिहायचा कंटाळा असेल, या वयात असतोच."

असं बोलताना तिच्या मनात पाप नव्हतं. तिला पट्टीची आठवणसुद्धा झाली नाही. महिनोन्महिने स्वतःच्या बोटाने सरकवलेली पट्टी तिला त्या क्षणी आठवली नाही, कारण समोर चित्र सुंदर होतं आणि ते आपल्या वर्गातलं होतं. वाईट माणसांकडून चुका होतात तेव्हा निदान राग तरी धड काढता येतो. इथे तीही सोय नाही.

आईच्या मनावरचं ओझं उतरलं आणि त्या जागी राग आला. घरी गेल्यावर तिने पोरीला समोर बसवलं. चित्राला ऐकतो आणि अभ्यासाला ऐकत नाही, मोठा शहाणा आहे हो तुझा हात, असं ती म्हणाली. भिंगरी पुन्हा तेच म्हणाली. मग आईने तिला मारलं. त्या दिवसानंतर हात ऐकत नाही हे वाक्य भिंगरीने घरात उच्चारलं नाही. शाळेतून शेरा आला की गप्प उभी राहायची. मार तीन-चार वेळा झाला असेल. खोटं बोलते म्हणून मार जास्त, अक्षरासाठी कमी.

मग सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या. पित्त असेल म्हणून थोडे दिवस गेले. एके दिवशी शाळेच्या व्हरांड्यात ती सरळ चालता चालता आडवी झाली आणि शाळेने आईला फोन केला. मोठ्या दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मागच्या भागात गाठ होती. तोल आणि हाताची नेमकी हालचाल तिथूनच चालते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ऑपरेशन करावंच लागणार होतं, त्यात प्रश्न नव्हता. प्रश्न वेगळा होता. गाठ हळूहळू वाढणारी असली तर निभावेल, झपाट्याने वाढणारी असली तर पुढचं सगळं कठीण. नक्की काय ते काढून तपासल्यावर कळेल, पण हात कधीपासून बिघडला ते कळलं तर अंदाज बांधता येईल. घरी काही असेल तर आणा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लिहिलेलं, चित्रं, काहीही.

शाळेच्या वह्या आईने नेल्या, पण त्यांच्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता. कंटाळ्याने लिहिलंय, अशीच तिची समजूत होती आणि तिने डॉक्टरांनाही तसंच सांगितलं. खरा पुरावा म्हणजे चित्रं. ती क्लासला आली. सरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, भिंगरीची वर्षभरातली सगळी चित्रं छापून मोठ्या पाकिटात घालून दिली. आई तिथेच बाकावर बसून ती उलटत राहिली. दोन आठवड्यांपूर्वीच्या चित्रावर तिने बोट ठेवलं.

"बघा ना बाई. परवा-परवापर्यंत किती चांगला होता हात. म्हणजे सगळं आत्ता आत्ताच झालंय. माझं लक्ष नव्हतं असं नाही."

गोष्टबाई दारात उभी होती. आता मात्र तिला पट्टी आठवली. तोंड उघडलं तेवढ्यात सर म्हणाले की देव करो आणि सगळं नीट होवो, आणि भिंगरीच्या आईला जिन्यापर्यंत सोडायला गेले.

परत आल्यावर त्यांनी गोष्टबाईचा चेहरा वाचला असावा. मॅडम, आपण डॉक्टर आहोत का, असं त्यांनी विचारलं. आपण चित्रकलेचा क्लास चालवतो. ती बिचारी आधीच खचलेली आहे, चित्रं बघून तिला चार घटका बरं वाटतंय, ते तुम्ही काढून घेणार का? बोलण्यात तथ्य होतं, तेच तर वाईट. खोट्या बोलण्यात नेहमी थोडं तथ्य असतं, नाहीतर ते टिकलं नसतं. गोष्टबाईने एवढंच विचारलं की ती चित्रं आता डॉक्टरांपुढे जाणार, त्याचं काय. सर म्हणाले, डॉक्टर शिकलेले आहेत, ते बघतील.

तिने भिंगरीचा टॅब कपाटातून काढला. मूळ रेघा कुठे सापडतात का ते बघितलं. कुठेच नव्हत्या. टॅब फक्त सावरलेली रेघ साठवतो, हाताने खरं काय केलं ते ठेवत नाही. एकदा इस्त्री फिरली की चुण्या गेल्या त्या गेल्या. म्हणजे पुरावा एकच उरला, ती स्वतः. तिने टॅब पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा वर्ग न घेता दवाखाना गाठला.

मुलांच्या वॉर्डाबाहेर लांबलचक व्हरांडा होता, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या जोडखुर्च्या. भिंगरीची आई तिथे बसून दवाखान्याचा झगा शिवत होती. मोठ्या मापाचा दिला होता, भिंगरीच्या पायात यायचा. पर्समधली सुई काढून ती त्याची खालची कड वर दुमडत होती. टाके इतके बारीक की कापडात दिसेनात.

गोष्टबाई शेजारी बसली आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. आईला काही कळलं नाही. टॅब रेघ सरळ करतो म्हणजे काय, पोरगी काढते तेच उमटणार ना, असं ती म्हणाली. गोष्टबाईने टॅब तिच्या मांडीवर ठेवला, पेन हातात दिलं आणि हात मुद्दाम थरथरवून रेघ काढा म्हणून सांगितलं. आईने काढली. पडद्यावर संथ, सुरेख रेघ आली. तिने पेन उचललं, रेघेकडे बघितलं, पुन्हा हात जोराने हलवत दुसरी काढली. तीही तशीच आली, जरा उशिराने. तिसऱ्या वेळी तिने नुसते फटकारे मारले, रागाने मारावे तसे. पडद्यावर झुळझुळीत वळणं उमटली.

गोष्टबाईने पट्टी मागे नेली आणि पुन्हा काढायला सांगितलं. या वेळी वाकडंतिकडं आलं, जसं काढलं तसं.

आईने त्या दोन तऱ्हांच्या रेघांवर आळीपाळीने बोट ठेवलं. टिपेत फरक पडला की मशीनचा दोष की हाताचा, हे ओळखण्यात तिची उमर गेली होती. तिला आणखी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

"मी तिला मारलं, बाई," ती म्हणाली. "खोटं बोलते म्हणून मारलं."

गोष्टबाई म्हणाली की चूक माझी आहे. आईने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. शिवलेला झगा घडी केला, सुई कापडात खोचली, उठली आणि म्हणाली, डॉक्टरांना सांगा, आत्ताच.

डॉक्टरीणबाईंनी उभ्याउभ्या ऐकलं. टॅब हातात घेऊन स्वतः दोन रेघा काढून बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला की पट्टी वाढवायला कधी सुरुवात केली. गोष्टबाईला सांगता येईना. थंडीच्या आधी, बहुतेक. किंवा सुट्टीनंतर. जरा जरा करत वाढवत गेले, असं ती म्हणाली आणि तिचं तिलाच ते ऐकवेना. डॉक्टरीणबाईंनी शाळेच्या वह्या पुन्हा मागवून घेतल्या. म्हणजे वह्या खऱ्या होत्या तर, असं स्वतःशी पुटपुटल्या. मग आईला म्हणाल्या की हे इतक्या दिवसांपासून असेल तर गाठ सावकाश वाढणारी असण्याची शक्यता जास्त. हे त्यातल्या त्यात बरं लक्षण आहे. फक्त तिला लवकर आणलं असतं तर हाताचं नुकसान कमी झालं असतं. आता ऑपरेशननंतर हात किती परत येईल ते सांगता येणार नाही.

बरं लक्षण हे दोन शब्द ऐकून गोष्टबाईचा चेहरा क्षणभर सैल झाला. बाहेर आल्यावर भिंगरीची आई थांबली.

"तुम्ही सुटल्यासारखं तोंड करू नका. माझी पोर जगली तरी तुम्ही सुटत नाही. आणि मीही नाही."

गोष्टबाई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

आई आत गेली. दाराला मधोमध काच होती, तिच्यातून आतला पलंग दिसायचा. आई पलंगाच्या कडेला बसून काहीतरी बोलत होती, लेकीच्या पाठीवरून हात फिरवत. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडलेली, मान नेहमीसारखी कलती. आई बोलायची थांबली, पुन्हा बोलली. भिंगरी वळली नाही. थोड्या वेळाने आई बाहेर आली. डोळे कोरडे होते.

"तुम्ही या. माझं ऐकत नाही ती. तिला वाटतंय, ऑपरेशन आहे म्हणून मी गोड बोलतेय. तुम्ही केलंत, तुम्हीच सांगा."

गोष्टबाई इतकी वर्षं पोरांना गोष्टी सांगत आली होती, पण पलंगापाशी स्टूल ओढून बसल्यावर तिला पहिलं वाक्य सुचेना. शेवटी तिने नुसतं सांगितलं. टॅबमध्ये एक पट्टी असते, ती मी सरकवली होती, त्यामुळे तुझी रेघ आम्हाला दिसलीच नाही. तू खरं बोलत होतीस.

भिंगरीने तोंड वळवलं. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता आणि एक डोळा जरासा आत वळलेला.

"सगळ्यांच्या टॅबला होती?"

"हो."

"सारखीच?"

इथे एक छोटंसं खोटं बोलून भागलं असतं. गोष्टबाईच्या ओठांवर ते आलंही. "नाही," ती म्हणाली. "तुझ्या सगळ्यात जास्त."

भिंगरीने विचार केला. "म्हणजे माझी सगळ्यात वाईट होती."

वाईट नव्हती असं म्हणावं तर मग सरळ का केली, हा पुढचा प्रश्न तयारच होता, आणि भिंगरीने तो विचारला असता. त्याचं खरं उत्तर बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर फिरत होतं. बाई टीव्हीचं बोलली नाही. माझं चुकलं, एवढंच म्हणाली. भिंगरीला त्यात फारसा रस दिसला नाही.

"आता बंद केली?"

"हो."

"द्या मग."

गोष्टबाईने आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. टॅब पांघरुणावर ठेवला, पेन भिंगरीच्या बोटांत दिलं. पेन पडद्यावर टेकायच्या आधीच हात डाव्या-उजव्या बाजूला हेलकावे घ्यायला लागला. टेकला तो भलत्याच ठिकाणी. काय काढायचं होतं कोण जाणे. गोल असावा. एक उडी, एक लांब ओरखडा, मग रेघ स्वतःलाच ओलांडून पडद्याबाहेर गेली. भिंगरीने हात परत आणला, पुन्हा तसंच झालं. कपाळावर घाम आला तरी ती थांबली नाही. वॉर्डातली एक परिचारिका औषधाचा ट्रे घेऊन आली होती, तीही बाजूला उभी राहिली.

मग भिंगरीने पेन सोडलं आणि टॅब आईकडे ढकलला.

"बघ. असं होतं."

आई वाकली. टॅब दोन्ही हातांनी धरून तिने ती रेघ सुरुवातीपासून पाहिली, जिथे पेन पहिल्यांदा टेकलं तिथपासून, प्रत्येक उडीशी थांबत, टोकापर्यंत. उसवलेलं कापड दुरुस्तीला आलं की ती असंच बघायची. गोष्टबाईला वाटलं की आता ही रडेल किंवा आपल्याला हाकलून देईल. आईने दोन्ही केलं नाही. तिने टॅब खाली ठेवला आणि लेकीला, जे आजवर डॉक्टरांनी सगळ्यांना विचारलं होतं आणि जिला विचारायचं तिला कुणीच विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"कधीपासून गं?"

भिंगरीने थोडा वेळही घेतला नाही.

"तो घसा बसलेला जिराफ होता ना बाई, त्याची मान काढायची होती. तेव्हापासून."

परिचारिकेने आईला विचारलं की ती गोष्ट कधीची. आईला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी गोष्टबाईकडे बघितलं. जिराफाची गोष्ट तिने वर्षाच्या अगदी सुरुवातीला सांगितली होती, क्लासच्या भिंतीवर टीव्ही लागला त्याच आठवड्यात. जिराफ ओरडून सगळ्यांना काही सांगायला जातो आणि घशातून आवाजच फुटत नाही, इथे तिने गोष्ट सोडली होती. कुणाच्या चित्राने ती पुढे गेली हे तिला आठवलं नाही. भिंगरीच्या जिराफाची मान कशी होती, तेही नाही.

तिने परिचारिकेला महिना सांगितला. परिचारिकेने तो ट्रेवरच्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतला आणि डॉक्टरीणबाईंना शोधायला गेली. भिंगरीची आई उठली, शिवलेला झगा पिशवीतून काढला आणि गोष्टबाईकडे न बघता म्हणाली की आता तुम्ही निघा, तिचे कपडे बदलायचेत.